सिस्टीमने लावलेला मान

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून नवी रोजनिशी. जुनी अर्धीच राहिली, कारण मधे एकदा ती फाडली गेली.

काल पनवेलला, म्हणजे माझ्या नोकरीच्या गावी, एक दिवसाची कार्यशाळा केली. विषय: माइंड मॅप आणि टू-डू लिस्ट जोडून मोठे प्रोजेक्ट कसे हाताळावेत. डोळे उघडले. मधोमध एक गोल काढायचा, त्यात प्रोजेक्टचं नाव. गोलाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. शेवटच्या डहाळीवर जे लिहू ते आपोआप दुसऱ्या ॲपमध्ये काम म्हणून जातं: कोणी करायचं, कधीपर्यंत करायचं. मॅप म्हणजे डोकं, लिस्ट म्हणजे हात. सरांनी विचारलं, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात गुंतागुंतीचा प्रोजेक्ट कोणता? बाकीच्यांनी घर बांधणं, मुलांच्या ॲडमिशन वगैरे सांगितलं. मी सांगितलं, आमच्या गावचा शिमगा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बघितलं असतं.

बोरकोंड, तालुका म्हसळा. वाड्या दोन, वरची आणि खालची. मधे एक पऱ्या, म्हणजे ओढा, आठ महिने कोरडा. नऊ वर्षं देवीची पालखी देवळाबाहेर पडलेली नाही. कारण किरकोळ. त्या वर्षी पालखी आधी कोणाच्या दारात, यावरून बोलाचाली झाली आणि माझ्या हातातला नारळ सुटून रामचंद्र भावोजींच्या कपाळाला लागला. सहा टाके. नंतर दोन्ही वाड्यांत जे झालं त्याला मी जबाबदार नाही. मला तेव्हा पोलीस पाटलांनी कोंडून ठेवलं होतं.

भावोजी म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे, सत्यवतीताईचे यजमान. ती वरच्या वाडीत, आम्ही खालच्या. चालत सात मिनिटं. नऊ वर्षांत ताईने माहेरचा उंबरा ओलांडलेला नाही. आमच्याकडे पालखी दारात आली की माहेरवाशिणीने देवीची ओटी भरायची असते. आई एकोणऐंशीची झाली. दर शिमग्याला विचारते, यंदा येल का रं सत्या?

ध्येय: पालखी निघणार, ताई घरी येणार. पद्धत: शास्त्रीय. हिंसा: शून्य.

रात्री येताना म्हसळा स्टँडवर रिक्षावाला जास्त बोलला. त्याच्या कानाला माझा हात लागला. हा शेवटचा.

५ फेब्रुवारी, बुधवार. पनवेल, रूमवर

मॅप पूर्ण. मधोमध 'शिमगा'. फांद्या सहा: देऊळ, होम, पालखी, मान, जेवण, शांतता. 'शांतता' हिरवी केली. तिच्याखाली 'अडथळे', लाल. अडथळ्यांखाली एकच नाव, रामचंद्र भावोजी.

प्रत्येक नावाला टीप लिहायची सोय आहे. खाजगी. मन मोकळं करून लिहिलं.

एकूण कामं एकशे सदतीस. त्यातलं एक रोज येणारं: 'राग आवरणे, सकाळी सात'. सातला राग आलेला नसतो, त्यामुळे उठल्या उठल्या टिक करून टाकतो. दिवसाची सुरुवात यशाने व्हावी.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २

देवळात सभा झाली. नऊ वर्षांनी दोन्ही वाड्या एका छपराखाली. हे माझं यश, आधी तेवढं नोंदवतो.

खांबांना चादर बांधून प्रोजेक्टर लावला. बाबाजीतात्या आमचे गावकर, म्हणजे गावचे कारभारी, वय ब्याऐंशी, मधोमध बसवले. मॅप झळकला. मला भरून आलं.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. टाइप करताना खालची वाडी आधी घातली आणि वरची तिच्यातून काढली. चूक नव्हे, क्रम. पण बाजूच्या चौकटीत ॲपने लिहिलं होतं, खालची वाडी: पॅरेंट, वरची वाडी: चाइल्ड. रितेशने, म्हणजे भावोजींच्या पुतण्याने, ते मोठ्याने वाचलं. तो वाशीला नोकरी करतो, म्हणून त्याला सगळं कळतं. म्हणाला, ये देखो काका, हे पॅरेंट आणि आपण चाइल्ड. म्हंजे खालची वाडी आपला बाप.

मी सांगितलं, हा टेक्निकल शब्द आहे. मागून कोणीतरी विचारलं, टेक्निकल बाप कसा अस्तो, आमाला बी दाव.

त्यानंतर क्रमाने: एक खुर्ची, प्रोजेक्टर, चार खुर्च्या, देवळाची घंटा. रितेशच्या नाकातून रक्त आलं. माझं कोपर तिथे होतं, एवढंच. तात्यांना ऐकू कमी येतं, ते शेवटपर्यंत विचारत होते, कोन कोनाचा बाप?

भावोजी कोपऱ्यात उभे होते. त्यांनी हात उचलला नाही. मुद्दाम. मला वाईट दाखवायला.

१० फेब्रुवारी, सोमवार

'चाइल्ड' काढून 'उपविषय' केलं. मॅप सगळ्यांना पाठवला. रितेशचं उत्तर: उप म्हणजे उपसरपंचातला उप? दुय्यम?

फोन ऑफिसच्या टेबलावर आपटला गेला. साहेबांनी काय झालं विचारलं. डास, म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५

ऐतिहासिक दिवस. दोन्ही वाड्यांना मॅप मंजूर!

युक्ती साधी. मधल्या गोलात देवीचं नाव. तिच्या उजवीकडे एक वाडी, डावीकडे एक. दोघी चाइल्ड. कल्पना माझीच. ती आधी कल्पिताच्या तोंडून आली इतकंच; नवरा-बायकोत असं होतं. ती भाकरी थापताना म्हणाली, अवो, आई तर देवीच ना, आपण समदी तिचीच पोरं. मी लगेच लिहून घेतलं.

तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. दोन्हीकडून व्हय म्हाराजा झालं. नऊ वर्षांनी. भावोजींनीही म्हटलं, मी तोंडाकडे नीट बघत होतो.

घरी येऊन आईला सांगितलं, ताई येणार. आईने लगेच ओटीचं पितळी तबक घासायला काढलं.

देवळाबाहेर चपलेवरून एकाशी किरकोळ झटापट. शिमग्याशी संबंध नाही, म्हणून मोजत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ८

आज एक बटण दाबलं: 'सर्वांना कामं पाठवा'. एका क्षणात अडतीस फोनवर अडतीस माणसांची कामं. याला म्हणतात सिस्टीम.

८.२०

कल्पिताचा फोन. रडते की हसते कळेना. कामाबरोबर टीपही गेली आहे. प्रत्येकाला त्याची.

८.४०

तपासलं. टीप खाजगी असते ती मॅपमध्ये. लिस्टमध्ये गेली की ती 'सूचना' होते. हे कार्यशाळेत सांगितलं नव्हतं. सरांना फोन करून जे बोलायचं ते बोललो. त्यांनी मला ब्लॉक केलं.

गेलेल्या टिपा, आठवतील तशा.
तात्या: ऐकू येत नाही, पण विचारल्यासारखं करावं.
रितेश: नाक पुन्हा फुटू शकतं.
जेवणाच्या बायका: मिठाचा अंदाज नाही. कोणी बोलायचं नाही, गिळायचं.
भावोजी: डोक्याने कमी. गोड बोलून घ्यावं. फार बोलले तर नारळाची आठवण द्यावी.

हे सगळं खरं आहे. खरं बोललेलं माणसांना सोसत नाही, त्याला मी काय करणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

गाडीतून उतरलो तर थांब्यावर आठ जण. वरच्या वाडीचे सहा, खालचे दोन. अजेंडा न देता सभा.

माझी मोटारसायकल पऱ्यात. तीन दगडांवर बरोबर बसली आहे. माझा ओठ फाटला, दोन टाके. कोणाचा तरी अंगठा माझ्या दातांत आला. मी सोडला, पण थोड्या वेळाने.

सकारात्मक बाजू: वरचे आणि खालचे एकत्र आले होते. 'एकोपा' या कामाला पंचवीस टक्के दिले.

२ मार्च, रविवार. दुपारी १

कंपनीतून पंधरा दिवसांची रजा घेतली आहे. आज माफी मागायला भावोजींकडे गेलो. काम क्रमांक १३८, मीच वाढवलं. मॅपमध्ये काय काय बोलायचं ते सात डहाळ्यांत काढून नेलं होतं.

भावोजींनी या म्हटलं. पडवीत खुर्ची दिली. कपाळावर टाक्यांची रेघ अजून आहे, मला वाटलं होतं गेली असेल.

ताई आत होती. बाहेर आली नाही. आतून फक्त म्हणाली, त्याला म्हनावं पानी पिऊन जा. नऊ वर्षांनी तिचा आवाज ऐकला. लहानपणी तापात मला उचलून तीन मैल म्हसळ्याला नेलं होतं तिने, वाटेत बोलत राहायची, मी झोपू नये म्हणून. तोच आवाज. लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचणार नाही.

मी पहिली डहाळी बोललो. दुसरी बोललो. भावोजी म्हणाले, दत्ता, झालं ते झालं. पालकी काढू. पन तुजा तो कागद आमाला नको. मान समद्यांना तोंडपाठ हाय.

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. पण कागद? महिनाभर डोळे फोडून केलेल्या मॅपला हा माणूस कागद म्हणतो? मी शांतपणे उभा राहिलो. त्यांची कॉलर हातात आली. दोन बटणं तुटली, तांब्या कलंडला. भावोजींना ओढून घरात न्यायला रितेश होताच.

बाहेर पडलो तेव्हा आतून दाराला कडी लागली. ती भावोजींनी लावली असणार.

पाणी राहिलं.

८ मार्च, शनिवार

तरीही शिमगा होणार. दोन्ही वाड्यांनी ठरवलंय. मला कोणी विचारलं नाही, पण मॅप माझा आहे, म्हणजे शिमगा माझाच.

आज मानाची यादी काढली. मानकरी बारा घरं. पहिल्या मानाचं घर पालखीला पहिला खांदा देतं आणि पालखी पहिली त्याच्याच दारात जाते. मग दुसरं, तिसरं. तात्यांच्या घरी जाऊन सगळी नावं उतरवून घेतली, मॅपमध्ये घातली, लिस्टमध्ये गेली, तिथून छापायला काढली.

लिस्टने नावं बाराखडीप्रमाणे लावली आहेत. आंब्रे, गोरिवले, धाडवे, बारे, भुवड आणि असं करत शेवटून दुसरे शिगवण.

आंब्रे म्हणजे आम्ही. शिगवण म्हणजे भावोजी.

कल्पिताने यादी बघितली. म्हणाली, शिगवणांचा मान पयला, आपला नववा. शेंबड्या पोराला बी ठावं हाय. बदला ते.

मलाही ते दिसलं होतं. पण हाताने डेटा बदलायचा म्हणजे सिस्टीमवरचा विश्वास संपला. यंत्राला ना वाडी ना भाऊबंदकी. इतका निःपक्षपाती क्रम गावाने कधी बघितला नसेल. त्यात आंब्रे वर येत असतील तर तो योग आहे. नऊ वर्षांनी पालखी पहिली आमच्या दारात आली, तर ताईला यावंच लागेल ओटी भरायला.

कल्पिता पुन्हा म्हणाली, बदला. फोन भिंतीवर गेला. तिला लागला नाही, ही प्रगती. आई आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. वय झालंय, आवाज सोसत नाही.

म्हसळ्याला या यादीचा फ्लेक्स छापायला टाकला. आठ बाय सहा.

१३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६

फ्लेक्स आणला. आमच्याकडे होम, म्हणजे होळी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. पहाटे सहाणेवर, म्हणजे पालखी टेकायच्या चौथऱ्याशेजारी, बांधून टाकणार. आधी दाखवला तर चर्चा होते.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.००

राग आवरणे. टिक.

७.३०

फ्लेक्स बांधला. झळकतो आहे. मुंबईकर उतरलेत, ढोल घुमतो आहे. अंगावर काटा.

९.१५

पालखी देवळाबाहेर आली. नऊ वर्षांनी! बायका रडत होत्या. मीही. ताई लांब वडाखाली उभी होती, हिरवं लुगडं. माझ्याकडे एकदा बघितलं असं वाटतं. आता पहिला खांदा. जातो.

रात्री ८. म्हसळा, सरकारी दवाखाना

डाव्या हाताने. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. अक्षर असंच येणार.

घटनाक्रम. रितेशने फ्लेक्स वाचला. ढोल थांबला. भावोजी पुढे आले, हळूच विचारलं, दत्ता, आंब्रे पयले कसे? म्हटलं, मी नाही लावले, सिस्टीमने लावले. ते म्हणाले, बरं, ऱ्हाऊंदे ती शिस्टम, आपन चालत आल्या मानाने जाऊ. आवाज अजिबात चढवला नाही. लोकांनी मान डोलावल्या.

इथे मी सोडून द्यायला हवं होतं असं कंपाउंडर म्हणतो. त्याला काय कळतं.

मी पालखीच्या दांड्याला हात घातला. यादीप्रमाणे पहिला खांदा माझा. कोणीतरी मागून ओढलं. हातात नारळ होता. मी फिरवला. भावोजी वाकले.

मागे तात्या होते.

ब्याऐंशी वर्षांचा माणूस खाली बसला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. कान फाटला होता. ते म्हणाले, कोनी मारलं? सगळे माझ्याकडे बघत होते.

मग वरच्या वाडीने धरलं आणि खालच्या वाडीने मारलं. समन्वय उत्तम. मनगट, दोन बरगड्या, एक दात. माझ्या सख्ख्या चुलतभावाने पायातली वहाण काढली. उचलून टेम्पोत टाकलं ते भावोजींनी.

१५ मार्च, शनिवार

तात्यांना चार टाके. ते काल संध्याकाळी बांधलेल्या कानानेच पालखीपुढे चालले म्हणे. पालखी चालत आलेल्या मानाने दारोदार फिरते आहे. शब्दाला शब्द नाही. कोणीच यादी वाचत नाही, सगळ्यांना पाठ आहे. फ्लेक्स उलटा करून पंगतीला अंथरला.

पोलीस येऊन गेले. तात्या म्हणाले, तक्रार न्हाय, आपल्यातलाच हाय. हे ऐकून मी भिंतीकडे तोंड केलं.

फोनवर सूचना: राग आवरणे, थकीत. इथे राग करायला कोणी नाही, शेजारच्या कॉटवर विंचू चावलेले एक आजोबा आहेत.

१६ मार्च, रविवार. दुपारी ४

कल्पिता डबा घेऊन आली. पुरणपोळी.

काल दुपारी पालखी आमच्या दारात आली. नववा मान. आणि ताई आली! उंबरा ओलांडून आत आली, देवीची ओटी भरली. आईच्या गळ्यात पडली. कल्पिता सांगत होती आणि मी तिला परत परत तेच विचारत होतो, कुठे बसली, काय जेवली. चुलीपुढे बसली. आमटी दोनदा घेतली. आईने तिच्या केसांना तेल लावलं. रात्री दोघी एका अंथरुणात झोपल्या आणि कुठल्याशा गोष्टीवरून इतक्या हसल्या की कल्पिता उठून बघून आली. पिशवी घेऊन आली होती, रंगपंचमीपर्यंत राहीन म्हणाली.

म्हणजे प्रोजेक्ट यशस्वी. पद्धत थोडी वेगळी झाली.

मी विचारलं, माझं काही विचारलं का तिने? कल्पिता म्हणाली, व्हय, विचारलं की. कदी सोडनार म्हनून. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, काळजी आहे तिला. कल्पिता डब्याचं झाकण बसवत राहिली. ते बसलेलंच होतं. मग म्हणाली, उद्या सकाळी सोडनार म्हटल्यावर तिनं पिशवी भरायला घेतली.

भावोजींनी बोलावलं असेल, म्हटलं. ती म्हणाली, भावोजीच तिला सोडायला आल्ते. ऱ्हा आठ दिस, म्हनाले.

मग आई तिला राहा म्हणाली नाही?

कल्पिताने डबा फडक्यात बांधला. मग सांगितलं. आईच म्हनाल्या, जा बाय, तो यायच्या आत.

५.३०

कल्पिता शेवटच्या गाडीने गेली. डॉक्टरांना विचारलं, बुधवारपर्यंत, म्हणजे रंगपंचमीपर्यंत, ठेवता येईल का. ते म्हणाले, तुम्हाला आता काही झालेलं नाही, कॉट लागते आहे. मी म्हटलं, पोटात दुखतंय. त्यांनी पोट दाबून बघितलं, म्हणाले, उद्या सकाळी जा.

सकाळी सहाला इथून पनवेलची गाडी आहे. घरी न जाता परस्पर रूमवर जाईन.

फोनला तडा गेलाय, पण लागतो. कल्पिताला गाडीतच गाठलं. म्हटलं, घरी पोचलीस की आधी ताईला सांग, पिशवी भरू नको, तो येत नाही.